पितळेचा बुश

मोऱ्या, तो बुश गनमेटलचा नव्हता. पितळेचा होता. सहा वर्षं हे एवढंसं वाक्य माझ्या तोंडात होतं आणि तुझ्यासमोर एकदाही बाहेर पडलं नाही. तुझं बारावं होऊन तीन आठवडे झाले, आणि आता मी सांगतोय. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ना, तो झोपा करणारा मीच.

हे उद्या कुणी वाचलं तर त्याला काही कळावं म्हणून तुला ठाऊक असलेलंच मधे मधे सांगावं लागेल. तू असतास तर म्हणाला असतास, "मना काय सांगतंस रं, मना ठाव हाय." असू दे. ऐकून घे.

मी टर्नर. भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात बत्तीस वर्षं एकच लेथ चालवली. माझं नाव सुधाकर आहे हे तू बहुतेक विसरलाच होतास, कारण तू मला जन्मभर नुसतं 'टर्नर' म्हणालास. तू गोडदेवचा. मिठागर गेलं, भातखाचरं गेली, आणि उरलेल्या तुकड्यावर तू पत्र्याची शेड ठोकून गॅरेज काढलंस. आजूबाजूला सात-सात मजले चढले, तू मात्र पत्र्याखालीच. ब्रेक ड्रम घासून घ्यायला पहिल्यांदा माझ्याकडे आलास तेव्हा तासभर माझ्या डोक्यावर उभा होतास. मी वैतागून म्हटलं, "बाहेर बसा ना जरा." तू म्हणालास, "बाहेर बसून तुजा हात कसा दिसंल?" तिथून आपलं जमलं.

आणि मग ती आली. टेम्पोत बसून आली, वांद्र्याच्या कुठल्याशा पाडायला काढलेल्या बंगल्यातून. दोन सीटची, कापडी टपाची, हिरवी विलायती गाडी. सीटखाली उंदरांनी संसार थाटलेला, मागच्या दिव्यांच्या जागी भोकं. पूर्ण नाव आपण कधी घेतलंच नाही, नावातलं शेवटचं अक्षर 'बी', तेवढंच. वहिनी तर तिला सरळ सवत म्हणायची. तू म्हणायचास, "सवत न्हाय गं, म्हातारी हाय. हिला सांभाळायला पायजे."

त्या गाडीच्या पिढ्यांवर तू जितकं बोललास तितकं स्वतःच्या खानदानावर बोलला नसशील. चहा पिताना बोटं मोडून मोजायचास. "बग टर्नर, मार्क वन आनि मार्क टू, वरनं जुळ्या भैनी. पन पोटात बग." पोटात म्हणजे इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत ताकद पोचवणारी सगळी आतडी. अगदी पहिल्या गाड्यांमध्ये क्रँकला, इंजिनाच्या फिरत्या कण्याला, तीन ठिकाणी आधार, मग कंपनीला अक्कल आली आणि पाच केले. मार्क वनच्या गिअर बॉक्समध्ये वरचे तीन गिअर लोण्यासारखे, पण पहिल्या गिअरला दात जुळवून घेणारी सिंक्रोची कडी नाही. म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकलास की दात दातावर आपटून करकर. मार्क टूमध्ये चारही गिअरला सिंक्रो दिला, पण बॉक्स जाड झाला, म्हणून दोन सीटच्या मधला तो पत्र्याचा बोगदाही रुंद करावा लागला. मागचा एक्सलही बदलला, पोट फुगलेल्या हंड्यासारखा होता तो सरळ नळीचा झाला. तू हे सांगताना दर वेळी नव्याने सांगितल्यासारखं सांगायचास आणि मीही दर वेळी 'हो का?' म्हणायचो.

आपली म्हातारी त्या अगदी पहिल्या पिढीची, तीन आधारांची. क्रँक दोन तुकडे. महिनोन्‌महिने तू फिरलास आणि शेवटी पुण्याच्या भंगारात एक इंजिन मिळालं, ते नंतरच्या पिढीचं, पाच आधारांचं. तू नाचत आलास. पण गिअर बॉक्स तिचा जुनाच राहणार होता, आणि इथे गोम होती. गिअर बॉक्सच्या मुख्य दांड्याचं नाक पुढे येऊन क्रँकच्या टोकातल्या भोकात टेकतं. जुन्या बॉक्सचं नाक बारीक, नव्या क्रँकचं भोक मोठं. मधे घालायला खास मापाचा बुश हवा. आंगठीएवढी वस्तू, पण ती बाजारात नव्हती. कुणीतरी हाताने काढायला हवी होती.

"माजा टर्नर हाय ना," तू म्हणालास. उत्तनच्या बोटवाल्यांकडून गनमेटलचा, घासून न चिकटणाऱ्या कांस्याचा, तुकडा आणून दिलास, बोटीच्या पंख्याच्या शाफ्टचा उरलेला. एकच बुश निघेल एवढा.

त्या दिवशीचं सांगतो. तू इंजिन टांगायचा चेन-ब्लॉक भाड्याने आणला होतास, तो संध्याकाळी परत करायचा होता. इंजिन शेडमध्ये लोंबत होतं. माझ्याकडे भांडी कंपनीचं अर्जंट काम पडलेलं, आणि तुझा दर दहा मिनिटांनी फोन, "झाला काय रं?" मी एका हाताने फोन धरला, दुसऱ्या हाताने चाक फिरवलं, आणि तुझ्या गनमेटलचं भोक केसभर मोठं झालं. गेलं. दुसरा तुकडा नव्हता.

मला फक्त एवढंच सांगायचं होतं, 'मोऱ्या, तुकडा बिघडला, उद्या दुसरा आण.' पण तू जगाला सांगत फिरायचास ना, याच्या हातचा तुकडा कधी चुकला न्हाय म्हणून! च्यायला, त्या कौतुकाने माझी जीभ बांधली. मी खालच्या खोक्यातून पितळेची कांडी काढली आणि वीस मिनिटांत बुश काढून दिला. तूच हातात घेऊन ट्यूबलाइटखाली धरलास. "जास्तच पिवळं दिसतंय काय?" मी म्हणालो, "उजेडामुळे." तू लगेच मानलंस.

आणि चूक नुसती पितळेची असती तरी निभावलं असतं. बुश ठोकून बसवला की आतून आवळतो. बसवल्यावर त्याचं भोक परत साफ करून मापाला आणावं लागतं. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे शिकवतात. मी ते केलं नाही. मला तो बुश माझ्या नजरेसमोरून लवकर नाहीसा व्हायला हवा होता. आपण इंजिन आणि बॉक्स जोडले, खाली उतरवले, आणि त्या गाडीत ते दोन्ही एकत्रच निघतात, एकत्रच बसतात. म्हणजे माझी चूक आत गाडली गेली ती अशी की सगळं बाहेर काढल्याशिवाय कुणाला दिसणार नाही.

तू नारळ फोडलास, चाकाखाली लिंबू ठेवलंस, चावी फिरवलीस. इंजिन एका झटक्यात लागलं. वहिनीने हळदकुंकू वाहिलं. तू क्लच दाबलास, पहिला टाकलास, आणि कर्रर्र.

मी मान फिरवली. तू मात्र खदखदून हसलास. "मार्क वन हाय बाबा! बोलनारच!"

तू हसलास म्हणून मी वाचलो. मला त्या पिढीच्या दोषामागे लपायला मिळालं. वाजणं हा मार्क वनचा स्वभावच आहे, सगळं जग म्हणतं. पण मोऱ्या, ती धावत असताना वाजते. उभी असताना, क्लच पूर्ण दाबून, दोन श्वास थांबून टाकला तर वाजायचं कारण नाही. घट्ट बुश दांड्याला सोडत नव्हता. क्लच दाबला तरी इंजिन त्या दांड्याला आपल्याबरोबर फरफटवत होतं. तू ती जुन्या लोकांची युक्तीही करून बघितलीस, आधी दुसरा गिअर नुसता चाटवायचा आणि मग पहिला. तरी कर्रर्र. मी बाजूला बसून रस्त्याकडे बघायचो.

मग मी ते मार्क टूच्या गिअर बॉक्सचं टुमणं लावलं. तुला आठवतंय? नाशिकला एकाकडे आहे, मी स्वतः शोधून काढला. चारही गिअरला सिंक्रो, आवाज बंद, आणि नंतरच्या पिढीचं इंजिन, नंतरचाच बॉक्स, दोघांचं थेट जुळतं, मधे हाताने काढलेलं काही नको. तुला वाटलं टर्नरला आपल्या कानांची काळजी. मला फक्त तो बुश बाहेर काढून नाल्यात टाकायचा होता.

तू भडकलास. "बोगदा कापू? तिच्या पोटात सुरी घालू?"

"अरे, इंजिन बदललंस तेव्हा काय केलंस?"

"इंजान मेलं व्हतं म्हनून बदललं. बॉक्स जिवंत हाय. जिता मानूस काय वाजतो म्हनून त्याला टाकतंस काय तू?"

चार वर्षं हा वाद चालला. शेडमध्ये, उत्तनच्या रस्त्यावर, तुझ्या पोराच्या, नितेशच्या लग्नात जेवणाच्या पंगतीतसुद्धा. लोक म्हणायचे, या दोन म्हाताऱ्यांना दुसरा विषय नाही. वाद अजून संपलेला नाही, आणि तुझं बरोबर होतं. बॉक्स ठणठणीत होता. जिता होता.

तेवढ्यात माझा गाळा गेला. मालकाने विकला. बत्तीस वर्षांची लेथ घेऊन जाऊ कुठे? सिल्व्हर पार्कच्या माझ्या वन रूम किचनमध्ये तर ती दारातूनही आत आली नसती. तू एका शब्दाने विचारलं नाहीस. टेम्पो घेऊन आलास, लेथ उचललीस आणि आपल्या शेडमध्ये बसवलीस. तीन फेजचं कनेक्शनही तूच काढलंस. माझी बायको रडली होती त्या दिवशी. मला तर धड आभारही मानता आले नाहीत, कारण मी उभा राहायचो तिथून समोर दहा पावलांवर गाडी. रोज सकाळी ती माझ्याकडे बघायची. चोराच्या मनात चांदणं असतं ना, तसं माझं झालं होतं. तू गाडीकडे चालत गेलास तरी माझा हात लेथवर थबकायचा.

पितळ तापलं की चिकटतं. आवाज वाढत गेला. तू क्लचचा सिलेंडर उघडलास, रबर बदललं, तेल बदललं, हवा काढली. काही फरक नाही. मग एका दुपारी तू हात पुसत माझ्याजवळ येऊन बसलास आणि म्हणालास, "टर्नर, आपुन इंजान उतरवू. आत कायतरी हाय. मना वाटतं क्लच न्हाय, अजून आत हाय."

बघ ना, तुला कळलं होतं. तुझ्या कानाने बरोबर जागा पकडली होती.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "इंजिन कशाला उतरवतोस? आधी तुझा पाय बघून घे. तुला शुगर आहे. क्लच पूर्ण दाबलाच जात नसेल तुझ्याच्याने."

सांगितलं एकदाचं. पितळ ही चूक होती, हे पाप होतं. बोललो तेव्हा मला स्वतःलाच ते इतकं चपखल, इतकं पटणारं वाटलं की मी सुटकेचा श्वास टाकला. तू तुझ्या डाव्या पायाकडे बघितलंस. चप्पल काढून बोटं हलवून बघितलीस. मग म्हणालास, "असंल."

मीच तुला मीरा रोडच्या डॉक्टरकडे नेलं. माझ्या स्कूटरवर मागे बसवून. त्याने टाचणी टोचली, हातोडी मारली, आणि म्हणाला, थोडं बधिर आहे, शुगर सांभाळा, चालत जा. हे तर आपल्या वयाच्या कुणालाही सांगतात. पण तू बाहेर आलास ते लंगडतच. जाताना लंगडत नव्हतास.

पुढच्या रविवारी गोल्डन नेस्टच्या सर्कलला सिग्नल सुटला आणि गिअर पडेना. कर्रर्र, परत कर्रर्र. मागे हॉर्नचा कल्ला. एक रिक्षावाला वाकून म्हणाला, "चाचा, पैर से नहीं हो रहा तो घर पे बैठो ना." त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. तू गाडी बंद केलीस, खाली उतरलास आणि चावी माझ्या हातात ठेवलीस. "तू ने. आजपासून माजं बास." मी स्टिअरिंगवर बसलो, क्लच जमिनीला टेकवला, पहिला टाकला. माझ्या धडधाकट पायानेही तसाच वाजला. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, "मला सवय नाही रे या गाडीची."

तिथे सांगता आलं असतं. सर्कलपासून गोडदेवपर्यंत अख्खा रस्ता होता. तू शेजारच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसला होतास, स्वतःच्याच गाडीत पाहुण्यासारखा. मी तुला घरी सोडलं आणि म्हटलं, उद्या सांगू.

त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं तू तिच्यात बसला नाहीस. दर आठवड्याला इंजिन चालू करायचास, ते पण बाहेर उभा राहून, दारातून हात घालून. मग टपावर कापड ओढून ठेवायचास. मी लेथवर मान खाली घालून असायचो. शेवटच्या पंधरवड्यात हॉस्पिटलमध्ये तुझ्या नाकात नळी होती, बाजूच्या खुर्चीत मी. तू विचारलंस, "म्हातारी चालू केली व्हती काय?" मी हो म्हणालो. वॉर्डात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. तरी मी बुशाचं बोललो नाही. वाटलं, आजारी माणसाला कशाला. खोटं आहे, मोऱ्या. आजारी माणसासाठी नाही, माझ्यासाठीच गप्प बसलो.

आता शेडची जागा बिल्डिंगला जातेय. नितेशने गाडीला गिऱ्हाईक बघितलंय, दूरचा कुणी हौशी माणूस आहे. मी नितेशला म्हटलं, "देण्याआधी मला एकदा इंजिन उतरवू दे." तो म्हणाला, "काका, कशाला उगाच त्रास? तो तशीच घेतोय." मी इतका ओरडलो की पोरगा दचकला. दुसऱ्या दिवशी गुपचूप चेन-ब्लॉक घेऊन आला.

दोन दिवस लागले. इंजिन आणि बॉक्स एकत्र काढले, वेगळे केले. क्रँकच्या भोकात ग्रीस ठासलं, मापाची दांडी लावून हातोडा मारला, तसा ग्रीसच्या दाबाने बुश सरकत सरकत बाहेर आला. काळा पडलेला, एका बाजूला खरवडलेला. गिअर बॉक्सच्या नाकावर पिवळं पितळ चिकटून बसलं होतं. मी तो तळहातावर घेतला आणि नितेशला सगळं सांगितलं. गनमेटल बिघडलं ते, उजेडाचं, तुझ्या पायाचं. अगदी सगळं, एका दमात.

त्याने शांतपणे ऐकलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या ना काका. एवढीशी तर वस्तू आहे. बाबांचं वयच झालं होतं." आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

इतक्या सहज? मला त्याने धरून हलवलं असतं तर बरं वाटलं असतं. तुझ्याकडून क्रँकचा क सुद्धा न शिकलेला पोरगा, त्याला काय कळणार की एवढीशी वस्तू काय करते. ज्याला कळलं असतं, ज्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता आणि मग आठवडाभर अबोला धरून परत चहा घेऊन आला असता, तो एकच माणूस होता.

नवा बुश काढला. गनमेटलचा. दोन तुकडे बिघडवले, तिसरा जमला. तेलात भिजवला, बसवला, बसवल्यावर आतून मापाला आणला. नाकावर सरकवून बघितला, बोटाने फिरत होता. यासाठी मला एक दिवस लागला. सहा वर्षांपूर्वीही एकच दिवस लागला असता.

काल सकाळी सगळं परत बसवून मी स्टिअरिंगवर बसलो. चावी फिरवली. क्लच दाबला, दोन श्वास थांबलो, पहिला टाकला. आवाजच नाही. गिअरचा दांडा सरकला आणि बसला, बास. नितेश म्हणाला, "अरे वा, काका! एकदम मक्खन!" मला ते सुख नकोच होतं. ते तुझ्या डाव्या पायाखालचं होतं, मी चोरून बसलो होतो त्यावर.

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. हातात सूप, तांदूळ निवडत होती बहुतेक. शेडच्या तोंडाशी थांबली.

"आज वाजली न्हाय?"

मी नाही म्हणालो. मग म्हणालो, वहिनी, माझ्या बुशामुळे वाजत होती इतकी वर्षं. मीच चुकीचा बसवला होता. मोऱ्याला कधी सांगितलं नाही.

तिला बुश कळला नसेल. गाडीजवळ येऊन तिने खाली क्लचवरच्या माझ्या पायाकडे बघितलं. "म्हंजे पाय चांगला व्हता त्यांचा?"

"चांगला होता."

तिने सूप कमरेला टेकवलं. म्हणाली, "मी दोन वरसं उंबऱ्यावरनं उतरताना त्यांचा हात धरला. बाजारात धरला, देवळात धरला. झटकून टाकायचे. चारचौघांत चिडायचे. म्हनायचे, सोड गं, मना काय झालं न्हाय, माजा पाय हाय ना ठीक."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी म्हनायचे, टर्नरभावजी काय खोटं बोलतात?"

ती वळून आत गेली. गाडी पहिल्या गिअरमध्ये चालू होती, क्लच जमिनीपर्यंत दाबलेला. माझा तो धडधाकट डावा पाय उचलायचा कसा हे मला कळत नव्हतं.